बाँबला नमस्कार

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी आईवडिलांच्याही आधी नलिनीकाकूंचं नाव घेतो. वडील हयात असते तर त्यांनीही हरकत घेतली नसती. वडिलांनी मला शिकवलं. गंगाखेडच्या बसस्टँडासमोर सायकली आणि स्टोव्ह दुरुस्त करता करता त्यांनी मला नांदेडच्या कॉलेजातून इंजिनीअर करून बाहेर काढलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मीच. पण तोंड उघडायला मला काकूंनी शिकवलं, तेही कतारमध्ये, आणि तेही अळणी वरण वाढून.

मी दोह्याला गेलो तेव्हा तिथे फुटबॉलच्या वर्ल्ड कपची तयारी चालू होती. तयारी म्हणजे खड्डे. सगळं शहर उकरून ठेवलेलं. एका शुक्रवारी ज्या रस्त्याने जायचं, तो पुढच्या शुक्रवारी जागेवर नसायचा. त्याऐवजी नारिंगी पिंपं आणि डावीकडे वळा असं सांगणारा बाण असायचा, आणि त्या बाणाचं ऐकलं तर माणूस पुन्हा निघाला तिथेच पोचायचा. त्या खड्ड्यांपैकी काही खड्डे आमच्या कंपनीचे होते. एका स्टेडियमच्या बाजूने जाणाऱ्या गटाराच्या पाइपलाइनवर मी ज्युनिअर इंजिनीअर होतो. गावी आईने सगळ्यांना सांगितलं होतं की दत्ता वर्ल्ड कपचं काम करतो. ते खोटं नव्हतं. वर्ल्ड कप झाला तेव्हा ते पाणी गेलं कुठून, हे आजही मला बारकाईने सांगता येईल, पण कुणी विचारत नाही.

काकूंची भेट मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात झाली. त्या नाशिकच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि दोह्यातल्या अल थुमामाला मुलगा-सुनेकडे राहायला आल्या होत्या. मी जेवणानंतर लोकांची ताटं उचलत होतो.

"तू केटररचा माणूस का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी इंजिनीअर आहे."

"मग ताटं का उचलतोयस?"

"कुणीतरी म्हणालं, उचल."

"कोण म्हणालं?"

मी मागे वळून पाहिलं. तो माणूस केव्हाच निघून गेला होता. काकूंनी मला पुढच्या शुक्रवारपासून, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. पहिल्या जेवणाला त्यांनी वरणभात वाढला आणि विचारलं, "वरण कसं झालंय?" मी म्हणालो, "छान झालंय." दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शुक्रवारी त्यांची सून, सुषमावहिनी, स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, आता पुरे करा. घरातले सगळे तीन आठवडे अळणी जेवताहेत." तेव्हा मला कळलं की काकू मुद्दाम मीठ घालत नव्हत्या. मी नाही म्हणेपर्यंत घालणारही नव्हत्या. मी कसंबसं म्हणालो, "काकू, थोडं मीठ लागेल असं वाटतं." त्यांनी लगेच उठून टाळी वाजवली आणि तुपाची वाटी माझ्या भातावर पालथी केली. आज मला रक्तदाबामुळे अळणीच जेवावं लागतं, आणि बायको विचारते कसं झालंय, तेव्हा मी अगदी खरं उत्तर देतो. तिला ते आवडत नाही.

मी असा का होतो, याचा मी पुढे खूप विचार केला. आमच्याकडे मोठ्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा. मोठा माणूस म्हणजे वयाने, पगाराने, उंचीने किंवा नुसत्या आवाजाने मोठा. या चारही बाजूंनी मोठे असलेले गृहस्थ म्हणजे रणदिवे साहेब. ते मिरजेचे. आमच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे माझ्या साहेबाचे साहेब, शिवाय मंडळाचे अध्यक्ष, शिवाय गाणारे. त्यांचा गळा खरोखर गोड होता आणि ते त्यांना माहीत होतं, हीच काय ती अडचण. माझी प्रोबेशनची मुदत संपत आली होती आणि मला कायम करण्याच्या कागदावर सही त्यांचीच लागणार होती. ते "यल्ला!", म्हणजे अरबीत "चला!", म्हणाले की सगळी साइट उठून उभी राहायची, ज्यांना बसूनच काम करायचं असतं ते क्रेनवालेसुद्धा.

दिवाळीनंतर मंडळाचं नाटक असायचं. त्या वर्षी ते काकूंनी लिहिलं. जर्मनीच्या सैन्यातल्या काही अधिकाऱ्यांनी महायुद्ध चालू असताना आपल्याच हुकूमशहाला संपवायचा कट केला, त्याची गोष्ट. एक कर्नल कातडी बॅगेत बाँब घेऊन बैठकीला जातो, नकाशांच्या टेबलाखाली हुकूमशहाच्या पायाशी बॅग ठेवतो आणि फोनचं निमित्त करून बाहेर पडतो. मागे राहिलेल्या एका अधिकाऱ्याच्या पायात ती बॅग येते. त्याला कटाची काही कल्पना नसते. तो ती उचलून टेबलाच्या जाड पायाच्या पलीकडे सरकवतो, बस्स. स्फोट होतो, टेबलाचा पाय आड येतो, हुकूमशहा वाचतो आणि कटवाल्यांना मारलं जातं.

मी वाचून भारावून गेलो आणि म्हणालो, "काकू, केवढे शूर लोक!"

"शूर होते," काकू म्हणाल्या. "पण त्यातले बरेच जण आधी कितीतरी वर्षं हो म्हणत होते. दुसऱ्यांच्या देशात फौजा घेऊन गेले. शेजारीपाजारी उचलून नेले तेव्हा काही जणांनी मान खाली घातली. हार घालून उभं करायला मी त्यांना लिहिलेलं नाही. माणसाला एवढा उशीर का होतो, एवढंच मला विचारायचंय."

हे विचारण्यासाठी त्यांनी शेवटचा प्रवेश लिहिला होता. अंगणात कर्नल उभा आहे, समोर बंदूक धरलेला साधा शिपाई. शिपाई म्हणतो, "साहेब, हुकूम पाळायला तुम्हीच आम्हाला शिकवलं." आणि कर्नल म्हणतो, "चुकीचं शिकवलं." अंधार. एवढंच. मला तो प्रवेश पाठ होता, जरी माझं त्यात काही काम नव्हतं. माझं काम बॅग सरकवण्याचं. वाक्य एकही नाही. "इतिहास तूच बदलणार आहेस, तोंड न उघडता," काकू म्हणाल्या. "तुला जमेल असंच काम दिलंय."

तालमी शुक्रवारी दुपारी काकूंच्या दिवाणखान्यात व्हायच्या. दारात चपलांचा ढीग, आणि आत जर्मन सेनाधिकारी अनवाणी. कर्नल झाले होते कुलकर्णी. ते अल खोरला राहायचे, तिथून येईपर्यंत दोन नवीन वळणं चुकायचे, आणि जर्मनीचा कट दर वेळी पाऊण तास उशिरा सुरू व्हायचा. शिपाई होता भोसले, साताऱ्याकडचा क्रेन ऑपरेटर. स्फोटाचा आवाज काढायचं कामही त्याच्याकडेच होतं. त्यासाठी तो साइटवरून एका पिंपाचं झाकण घेऊन आला होता. ते त्याने पहिल्या तालमीला वाजवलं आणि वरच्या मजल्यावरचं इजिप्शियन कुटुंब मुलांसकट खाली धावत आलं. नंतर तालमीत भोसले तोंडाने "धाड" म्हणायचा. सुषमावहिनी प्रॉम्प्टिंग करायच्या, साबुदाणावडे तळायच्या आणि दोन्ही एकाच आवाजात करायच्या: "'माझा देश जळतोय', अहो कुलकर्णी, 'जळतोय', आणि चटणी संपली तर सांगा."

हुकूमशहा अर्थातच रणदिवे साहेब. दिग्दर्शकही तेच.

माझी पंचाईत पहिल्याच तालमीला झाली. बॅग होती काकूंची; त्या तिच्यातून वर्षानुवर्षं पेपर तपासायला घरी आणत असत. मी टेबलाशी उभा राहिलो, ठरल्याप्रमाणे पाय बॅगेला लावला, आणि वाकून बॅगेला हात लावून तो कपाळाला नेला. मग बॅग सरकवली.

"हे काय केलंस?" रणदिवे साहेब म्हणाले.

"काय सर?"

"बाँबला नमस्कार केलास!"

मला कळलंही नव्हतं. दप्तराला पाय लागला की नमस्कार करायचा, हे आमच्या घरी बोलायला शिकण्याआधी शिकवलं जायचं. दुसऱ्यांदा मी हात आवरला, पण मान वाकली. तिसऱ्यांदा मान आवरली, तर ओठ पुटपुटले. काकूंचा नातू सोफ्यावर बसून हे पाहत होता. "आजी, व्हाय इज ही डूइंग नमस्ते टू द बाँब?" त्याने विचारलं. काकू म्हणाल्या, "चांगल्या घरातला जर्मन आहे तो." साहेबांनी शेवटी निकाल दिला, "प्रयोगाला बूट असतील. बुटातून पायाला बॅग कळणारच नाही. खलास. पुढे चला."

प्रयोगाच्या आधी तीन-चार आठवडे असताना काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि त्यांना नाशिकला परतावं लागलं. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसून त्या मला म्हणाल्या, "दत्ता, बाकीच्या नाटकाचं काय वाट्टेल ते करा. माझा शेवटचा प्रवेश तेवढा राहू दे. लक्ष ठेवशील?"

मी म्हणालो, "हो." आयुष्यभर इतक्या जणांना हो म्हटलं, पण त्या एका होचं मला ओझं झालं.

कारण काकूंचं विमान उडालं आणि नाटक बदलायला लागलं. इतिहासात स्फोटाने हुकूमशहाच्या विजारीच्या चिंध्या झाल्या होत्या आणि काकूंनी ते नाटकात घेतलं होतं. साहेबांनी जाहीर केलं की विजार फाटणार नाही. मग कटवाल्यांची भाषणं अर्धी झाली. आणि मग एका शुक्रवारी साहेब म्हणाले, "तो अंगणातला प्रवेश काढा. फार कोरडा आहे. स्फोटानंतर धुरातून हुकूमशहा उठतो, बाही झटकतो, आणि एक पद गातो. पश्चात्तापाचं. तिथेच पडदा."

"छान, सर," कुलकर्णी म्हणाले. कुलकर्णी तर आमच्या कंपनीतलेही नव्हते.

चहाच्या वेळी आम्ही चौघे स्वयंपाकघरात जमलो. तो कट मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. कुलकर्णी फ्रिजला टेकून, भोसले ओट्याशी, वहिनी कढईपुढे.

"कुणीतरी सांगायला पाहिजे त्यांना," कुलकर्णी म्हणाले.

"तुम्ही कर्नल हाय. तुमीच सांगा की," भोसले म्हणाला.

"मी नुकताच छान म्हटलंय रे. लगेच फिरवलं तर कसं दिसेल?"

"दत्ताने सांगावं," वहिनी म्हणाल्या. "आई याच्यावर सोपवून गेल्यात."

मी गेलो. खरंच गेलो. साहेब बाल्कनीत गुणगुणत उभे होते. "सर," मी म्हणालो, "शेवटच्या प्रवेशाबद्दल..." ते म्हणाले, "हां, बरं झालं आलास. टेबलाला जाड पाय पाहिजे. साइटवरून पीव्हीसी पाइपचा तुकडा आण आणि तपकिरी रंग दे." मी म्हणालो, "हो सर." परत आलो तेव्हा तिघांनी माझ्याकडे पाहिलं. "पाइप आणायला सांगितलाय," मी म्हणालो. भोसलेने कपाळावर हात मारला.

तेव्हा वहिनींनी दुसरा बेत काढला. पदाची साथ लॅपटॉपवरून वाजणार होती आणि लॅपटॉप त्यांच्याकडे होता. त्या तो लावणारच नव्हत्या. दिवे विझवायचे, आणि साहेब अंधारात सुराची वाट बघत असताना कुलकर्णी आणि भोसलेने अंगणातला प्रवेश सुरू करायचा. एवढ्यात साहेब दारात आले. "काय कुजबूज चालली आहे?" चौघांचे चेहरे भिंतीसारखे पांढरे. "साबुदाणा भिजत घालावा का, ते ठरवतोय," वहिनी म्हणाल्या. साहेब म्हणाले, "घाला." त्या वेळी ओट्यावर तळलेल्या वड्यांची परात भरलेली होती.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये होता. दारात रांगोळी कमळाची काढावी, त्या दिवशी स्वस्तिकाची तर मुळीच नको, असं काकूंनी नाशिकहून फोन करून बजावलं होतं. गणवेश ज्या शिंप्याकडे शिवायला टाकले होते तो मॉलच्या सुरक्षारक्षकांचे कपडे शिवायचा, त्यामुळे सगळं जर्मन सेनापतिमंडळ मॉलच्या दारातून उठून आल्यासारखं दिसत होतं. एका बाईंनी फील्डमार्शलना वॉशरूम कुठे ते विचारलं आणि त्यांनी अदबीने दाखवलं. बूट म्हणजे आमचे साइटवरचे सेफ्टी शूज, काळं पॉलिश मारलेले, आत पोलादी टोक. नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, आणि तिसरी घंटा झाली.

पहिला अंक बरा गेला. बैठकीचा प्रवेश आला. कुलकर्णींनी बॅग ठेवली, फोनचं निमित्त सांगितलं आणि ते बाहेर गेले. मी टेबलाशी सरकलो. अनवाणी पायाच्या सवयीने पाय टाकला, आणि पोलादी टोक बॅगेवर असं आदळलं की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. सगळ्या हॉलने बॅगेकडे पाहिलं. बुटातून पायाला काही कळलं नव्हतं हे खरं, पण कानांना कळलं. मी वाकलो, दोन्ही हातांनी बॅगेला स्पर्श केला आणि हात डोळ्यांना लावले. घरी करत होतो त्याहून नीट नमस्कार झाला.

हॉल फुटला. लोक खुर्च्यांवर मागे पडून हसत होते. एक सेनापती नकाशात तोंड खुपसून हलत होता. आणि साहेबांनी, हुकूमशहाच्या मिशीसकट, तालमीत वाजवायचे तशी टाळी वाजवली. "थांबा! प्रवेश परत घ्या! सगळे विंगेत. यल्ला, पहिल्यापासून!"

आणि ते गेले! प्रेक्षक बसलेले असताना, दिवे चालू असताना, एकूण एक सेनाधिकारी सेफ्टी शूज वाजवत ओळीने विंगेत चालू लागला. आज हे लिहितानाही मला हसू येतं आणि थोडी भीतीही वाटते. मीही वळलो होतो. पण परत घ्यायचं म्हणजे पुन्हा बॅग, पुन्हा हशा, आणि तेवढ्यात साहेब सावध होणार, साथ लागली आहे का ते बघणार, आणि अंगणातला प्रवेश गेला तो गेला. मी टेबलाशीच थांबलो.

"दत्ता, बॅग उचल आणि आत जा," साहेब म्हणाले.

टेबलावर माइक होता. त्यात मला माझाच आवाज ऐकू आला.

"नाही सर."

पुढे काय झालं ते मी त्याच आठवड्यात काकूंना लिहून पाठवलं. सुषमावहिनींनी ते पत्र जपून ठेवलं होतं आणि काकू गेल्यावर मला परत दिलं. आता पुन्हा लिहायला बसलो तर मी त्यात शहाणपण घालीन, म्हणून जसंच्या तसं देतो.

ती. नलिनीकाकू यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ऑपरेशन चांगलं झालं असं वहिनींनी सांगितलं. फोनवर तुम्ही "नाटकाचं काय झालं" विचारलंत तेव्हा मला हसू आवरेना आणि तुम्ही रागावून फोन ठेवलात. म्हणून लिहितो.

मी नाही सर म्हणालो. साहेब म्हणाले, "काय?" मी म्हणालो, "नाही सर. बॅग ठेवून झाली. आता स्फोट." भोसलेला विंगेतून काय दिसलं कोण जाणे, पण त्याने त्याच वेळी झाकण वाजवलं, आणि तालमीत नुसतं धाड म्हणत असल्यामुळे साहेबांनी तो आवाज पहिल्यांदाच एवढ्या जवळून ऐकला. ते खुर्चीसकट मागे पडले. काकू, विजार फाटली. अगदी इतिहासात लिहिल्याप्रमाणे. मिशी हनुवटीवर आली. ते एका हाताने मिशी आणि एका हाताने विजार धरून आत गेले, आणि वहिनींनी दिवे विझवले.

मग अंगणापुरता एक दिवा लावला आणि कुलकर्णी आणि भोसले आले. लोक अजून हसत होते. भोसलेने बंदूक धरली आणि म्हणाला, "साहेब, हुकूम पाळायला तुम्हीच आमाला शिकवलं." मग शांतता. तुम्हाला वाटेल काय अभिनय! अभिनय नव्हता. कुलकर्णी वाक्य विसरले होते. दोन शब्दांचं वाक्य! वहिनींनी विंगेतून घाईत प्रॉम्प्ट केलं ते घोषणांसाठी तिथे ठेवलेल्या चालू माइकमध्ये. त्यामुळे अंधारातून एका बाईचा आवाज सगळ्या हॉलमध्ये आला, "चुकीचं शिकवलं." कुलकर्णींनी नुसती मान हलवली. कुणी हसलं नाही. मग खूप वेळाने टाळ्या आल्या. तुमचा प्रवेश झाला, काकू. तुम्ही लिहिला तसा नाही, पण पुरा झाला.

रविवारी ऑफिस उघडताच साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी सामान बांधावं लागेल अशा तयारीने गेलो. ते म्हणाले, "माझी आई मिरजेहून आली होती रे. पहिल्या रांगेत होती. पोराला तिने स्टेजवर पहिल्यांदाच पाहिलं. नुसता नीच माणूस दिसू नये म्हणून गाणं घातलं होतं." मी विचारलं, "आई काय म्हणाल्या सर?" ते म्हणाले, "म्हणाली, त्या बॅगवाल्या पोराला वळण चांगलं आहे. तुला त्याच्यावर ओरडायचं काय कारण?" आणि मग ते हसायला लागले, ते थांबेचनात. बाहेरून सेक्रेटरी डोकावून गेली.

त्यांनी मला शुक्रवारी घरी आईंबरोबर जेवायला बोलावलं. मी म्हणालो, शुक्रवारी वहिनींकडे जायचं आहे, शनिवारी येतो. ते म्हणाले, बरं.

कायम केल्याचा कागद मात्र अजून हातात आलेला नाही. त्या दिवशी विषय निघाला नाही. येईल असं वाटतं. या आठवड्यात नाही आला तर मी जाऊन विचारणार आहे.

तब्येतीला जपा. चालायची घाई करू नका.

तुमचा,
दत्ता